बारावीत गेलात? मग आधी व्हॅलिडिटीचा अर्ज करा

माझा लहान भाऊ यंदा बारावीत गेला. परवा त्याचे तीन मित्र घरी आले होते. दोन तास टेस्ट सिरीज कुठली लावायची यावर चर्चा चालली. मी मधेच विचारलं, जात पडताळणीचा, म्हणजे राखीव जागेसाठी लागणाऱ्या व्हॅलिडिटी प्रमाणपत्राचा, अर्ज कोणी केला? चौघांतल्या एकानेही केलेला नव्हता. एक म्हणाला, "ताई, ते तर निकालानंतर करतात नं." २०२३ साली मीही हेच म्हणाले होते. म्हणून हे लिहितेय, आणि तेच तेच पुन्हा येईल, ते येऊ द्या.

तेव्हा बारावीचा निकाल २५ मे रोजी लागला आणि जूनमध्ये इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा. पर्सेंटाईल बघून घरात पेढे वाटले आणि मग मी व्हॅलिडिटीचा अर्ज भरला. अर्ज केल्याची पावती मिळाली. पावतीवर फॉर्म भरता आला, ओबीसीतून शासकीय कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग लागलंही. पण दिलेल्या तारखेपर्यंत व्हॅलिडिटी आली नाही आणि माझं नाव खुल्या प्रवर्गात गेलं. तिथल्या कट ऑफला माझे मार्क पुरत नव्हते. जागा गेली. व्हॅलिडिटी दिवाळीच्या आठवड्यात हातात पडली. तोवर मी खाजगी कॉलेजात, नको असलेल्या शाखेत बसले होते. वर्षभराचा अभ्यास एका कागदापायी वाया गेला आणि उशीर सर्वस्वी माझा होता.

जातीचा दाखला वेगळा आणि तो तपासून समिती देते ती व्हॅलिडिटी वेगळी, हे आधी डोक्यात पक्कं करा. "माझ्याकडे कास्ट सर्टिफिकेट आहे" एवढ्यावर निवांत बसलेले कितीतरी जण मी पाहते. अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना कॉलेजात असतानाच अर्ज करता येतो. त्यासाठी कॉलेजच्या ऑफिसातून नमुना १५-ए सही-शिक्क्यासह घ्यायचा, ऑनलाइन अर्ज भरायचा, वडिलांकडून वंशावळीचं शपथपत्र करून घ्यायचं. एसटीची समिती वेगळी आहे, आदिवासी विकास विभागाची, नागपुरात गिरीपेठेत. बाकीच्यांची सामाजिक न्याय विभागाची. चुकीच्या दारात दिवस घालवू नका.

खरा वेळ जातो जुन्या पुराव्यात. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, एससींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, एसटींना ६ सप्टेंबर १९५० च्या, व्हीजेएनटींना (भटक्या-विमुक्तांना) २१ नोव्हेंबर १९६१ च्या. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळातला, वडिलांकडच्या नात्यातला, आणि त्यावर जात लिहिलेली हवी. बहुतेकांच्या घरी हा कागद नसतो, तो गावी असतो. आमचा पवनी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत होता. बाबा आणि मी जूनच्या उकाड्यात एसटीने गेलो. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढलं, कापडी बांधणीचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. बोट फिरवत फिरवत १९५१ च्या पानावर आबाजी, म्हणजे माझे आजोबा, सापडले. जातीचा रकाना स्वच्छ वाचता येत होता. नाव मात्र होतं "महादू", आणि बाबांच्या टीसीवर "महादेव". मला वाटलं, एवढं कोण बघतं. समिती हेच बघते. त्रुटी निघाली. मग दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र, मग तहसीलमधून कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, आणि प्रत्येक कागदामागे आठवडे. हेच मी अकरावीच्या दिवाळीत केलं असतं तर आठवडे भरपूर होते.

तेव्हा गावाला फोन आजच करा. नाव, आडनाव, जात, तिन्हींचं स्पेलिंग प्रत्येक पिढीच्या कागदावर जुळवून बघा. मोठेबाबा, काका किंवा चुलत भावंडं यांपैकी कोणाची व्हॅलिडिटी झाली असेल तर तिची प्रत घ्या, काम खूप हलकं होतं. आईकडच्या नात्यातली चालत नाही. आणि "यंदा पावतीवर भागेल" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नका. पावतीची मुदत दरवर्षी नव्याने ठरते, आणि त्या भरवशावर बसायचं म्हणजे काय, ते मी वर सांगितलं.

बाकीचे कागद: डोमिसाईल, आधार, दहावीची मार्कशीट, हे ठाऊकच असतं. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर सेतूतून काढा. नॉन-क्रिमीलेयरवरची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, हे वाचून घ्या. जुनं लावलं तर बाद होतं. व्हीएनआयटीचा, म्हणजे नागपूरच्या एनआयटीचा, विचार असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी सर्टिफिकेट वेगळं लागतं, तेही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं. निकालानंतर मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, अर्धं नागपूर सेतूपुढे रांगेत उभं असतं. केंद्राचं सर्टिफिकेट सोडून बाकीच्या कागदांसाठी तुम्ही पावसाळ्यातच जाऊन या.

आता अभ्यास. टायअपच्या (कॉलेज नावाला, शिकवणी क्लासमध्ये) नादात बोर्ड सोडू नका. प्रॅक्टिकलच्या जर्नल महिन्याच्या महिन्याला पूर्ण करा. मी जानेवारीत सलग चार रात्री तेच लिहीत होते, आणि त्या रात्री इंटिग्रेशनला द्यायच्या होत्या. सीईटीच्या पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन मार्कांचे असतात, म्हणजे २०० पैकी १०० एकट्या गणिताचे. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून उरलेले १००. तरी आपली मुलं गणित शेवटी ठेवतात! निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडून येऊ नका. वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात, ती पुस्तकं रद्दीत घालू नका. जेईईतून एनआयटीला जायचं तर बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाईलमध्ये नाव लागतं, म्हणून बोर्डाला हसू नका. झोप पूर्ण घ्या. डबा खा.

काय व्हायचं, हे ठरवायला निकालाची वाट बघू नका, कारण काही दारं त्याआधीच बंद होतात. वारंग्याच्या विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती डिसेंबरातच होते आणि फॉर्म त्याच्याही आधी. २०२४ मध्ये ती १ डिसेंबरला झाली. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला नीट लागते, कृषीला सीईटी चालते. केमिकलची आवड असेल तर १९४२ पासूनची एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) आपल्याच नागपुरात आहे. शुद्ध विज्ञान आवडत असेल तर शासकीय विज्ञान संस्थेत एकदा चक्कर मारा, तिथल्या मुलांशी बोला. शेजारचा दादा कुठे लागला, यावरून शाखा ठरवू नका. आईबाबांशी एकदा शांतपणे बसून पैशाचंही बोला. मुलींनो, २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएसमधल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, हवा. त्यामुळे मॅनेजमेंट कोट्याची घाई करू नका. आणि ओबीसीतून लागायचं तर व्हॅलिडिटी हवीच, तिथे पुन्हा तेच.

निकाल लवकर लागू शकतो, २०२५ मध्ये तो ५ मेलाच लागला. त्यानंतर सगळं पटापट होतं. रजिस्ट्रेशन, कागद अपलोड, पडताळणी, हरकती. ऑप्शन फॉर्म आवडीच्या क्रमाने भरा, कट ऑफच्या क्रमाने नाही. लॉगिन सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईल नंबरवर काढू नका. ओटीपी घरच्या फोनवर यायला हवा. जागा लागली की मुदतीत फी भरा, रिपोर्टिंग करा. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आणि एक स्कॅन.

भावाची फाईल मी काल उघडली. माझी व्हॅलिडिटी, आबाजींचा उतारा, दोन नावांचं शपथपत्र, सगळं आत आहे. फक्त १५-ए नाही. सोमवारी कॉलेजचं ऑफिस साडेदहाला उघडतं, दहा वाजता मी त्याला घेऊन दारात उभी असेन. तुम्हीही सोमवारीच जा.