कोतोरचा डोंगर वाचायचा तर आधी पाण्याचा माग काढा

माँटेनेग्रोतल्या कोतोरला भूकंपाच्या खुणा बघायला गेलेला माणूस पहिल्या दिवशी भिंतींतल्या भेगा शोधतो. मीही तेच केलं. जून महिना होता. रिसानजवळच्या सोपोत झऱ्याच्या गुहेपाशी गेले, तर थेंबभर पाणी नाही. नोव्हेंबरात पुन्हा गेले. दोन दिवस धो धो पाऊस झाला होता आणि त्याच कोरड्या तोंडातून पांढराशुभ्र लोट गर्जत समुद्रात कोसळत होता. या डोंगराची सुरुवात पाण्यापासून करायची, हे मला तिथे उमगलं.

कारण सोपं आहे. कोतोरच्या खाडीच्या डोक्यावर ओर्येन पर्वत आहे. त्याच्या अंगावरच्या त्सर्क्वित्से गावात वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. युरोपातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी ही एक, तरी डोंगरावर एक नदी दिसत नाही. सगळं पाणी चुनखडीच्या फटींत शिरतं, आतल्या आत वाटा कोरतं आणि खाली समुद्रकाठी फुटतं. म्हणून जमलं तर पावसाळी दिवस निवडा. कोतोरच्या तटाला लागून उत्तरेला श्कुर्दा, दक्षिणेला गुर्दिच, दोन्ही झरे बघा. कोरड्या दिवसांत गुर्दिचमध्ये समुद्राचं खारं पाणी आत शिरतं, पावसानंतर तोच झरा उसळून बाहेर येतो.

आता प्रश्न हा विचारायचा, की पाणी नेमकं इथेच का बाहेर पडलं? आणखी खोल का गेलं नाही? त्यासाठी दगड ओळखता यायला हवेत. चुनखडी ओळखायला तिच्यावर ॲसिड टाकून बघतात. विमानातून ॲसिड नेता येत नाही, पण तिथल्या कुठल्याही दुकानात मिळणारा व्हिनेगर पुरतो. वाटेवर सुटा पडलेला तुकडा घ्या, चाकूने खरवडून भुकटी करा, वर थेंब टाका. बुडबुडे आले तर चुनखडी. जेमतेमच आले तर बहुधा डोलोमाइट, म्हणजे चुनखडीचा मॅग्नेशियमयुक्त भाऊबंद. चाकूचा ओरखडाच उठत नसेल आणि दगड लालसर, बोटा-दोन बोटांच्या थरांचा असेल तर तो चर्ट, म्हणजे खोल समुद्रात सूक्ष्मजीवांच्या सिलिकायुक्त कवचांचा साठलेला गाळ. हातात चुरा होणारे, वाळूदगड आणि मातकट खडकाचे आलटूनपालटून थर दिसले तर तो फ्लिश. फ्लिशमधून पाणी सहज पार होत नाही. वरून आलेलं पाणी त्याच्यावर अडतं आणि बाहेर पडतं. तटाच्या भिंतींवर हातोडा मात्र चुकूनही चालवू नका, ते गाव जागतिक वारसा आहे.

इथे थोडं थांबा, कारण सगळ्यात मोठी गोष्ट चुनखडी आणि फ्लिश जिथे भेटतात त्याच रेषेत आहे. चुनखडी बरीचशी जुनी, ट्रायासिकपासून क्रिटेशस काळापर्यंतची, म्हणजे साधारण २५ ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. खालचा फ्लिश त्यातल्या बहुतेक थरांपेक्षा तरुण. जुनं वर आणि तरुण खाली, असा उलटा क्रम साध्या साठणीने लागत नाही. एड्रियाटिक समुद्राखालचा भूभाग वर्षाला काही मिलिमीटर या वेगाने दिनारिक पर्वतरांगेखाली रेटला जातो आहे. त्या रेट्याने चुनखडीचा अख्खा पट्टा उचलला जाऊन शेजाऱ्यावर चढला. झरे जोडत गेलात की हा सांधा हाताशी येतो. सांधा जुना आहे, रेटा मात्र संपलेला नाही, आणि आजचे भूकंप त्याच रेट्याचे.

वर न्येगुशी गावाकडे जाणारी जुनी नागमोडी वाट चढा. घाई करू नका. पायाखाली पावसाने कापलेल्या धारदार चऱ्या दिसतील, त्यांना तिथे श्क्रापे म्हणतात. वर पोहोचलात की उघड्या दगडांच्या मध्येच सपाट हिरवं शेत, म्हणजे पोल्ये. पोल्ये, दोलिना (वाटीसारखा खळगा), पोनोर (पाणी जमिनीत गडप होतं ते विवर) हे तिथले साधे शब्द आज जगभरच्या भूशास्त्रात चालतात. ते रुजवण्यात योव्हान त्स्वीयिच या भूगोलज्ञाच्या १८९३च्या ग्रंथाचा मोठा वाटा आहे. वाटेत कुठे घासून गुळगुळीत झालेला दगडाचा सपाट पृष्ठभाग दिसला तर त्यावर तळवा फिरवा. एका दिशेने हात सरकतो, उलट दिशेने बारीक पायऱ्यांना अडतो. हे भ्रंशतल, म्हणजे खडक तुटून ज्यावरून सरकला तो पृष्ठभाग. त्यावरचे ओरखडे ज्या रेषेत, त्या रेषेत खडक सरकला. मला असा एकच सापडला आणि मी तिथे तासभर बसून राहिले.

मग खाली गावात या. सेंट ट्रायफनचं कॅथेड्रल ११६६ साली अर्पण झालं, पण त्याचे मनोरे बघा, ते १६६७च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेले आहेत. त्याच ६ एप्रिलच्या धक्क्याने आजच्या क्रोएशियातलं दुब्रोव्निक शहर उद्ध्वस्त झालं. त्यानंतर १५ एप्रिल १९७९, रविवार सकाळ, तीव्रता सुमारे ७. माँटेनेग्रोत १०१ आणि अल्बानियात ३५ माणसं गेली.

१९७९च्या त्या धक्क्यात खाडीकाठच्या झेलेनिका, बाओशिची या वस्त्यांमध्ये जमिनीची वाळू पाण्यासारखी पातळ झाली. कठीण चुनखडीवरचं घर आणि काठच्या भरावावरचं घर यांना एकच धक्का सारखा लागत नाही. मुक्काम ठरवताना हे जरूर ध्यानात घ्या.

धक्का बसलाच तर पहिल्या हिसक्यापासून सेकंद मोजा, पुढच्या जोरदार हलण्यापर्यंत. त्याला आठने गुणलं की केंद्राचं अंतर साधारण किलोमीटरमध्ये मिळतं. १९७९चं केंद्र कोतोरहून जवळपास ५० किलोमीटरवर समुद्रात होतं, म्हणजे हाती सहाच सेकंद. तेवढ्यात टेबलाखाली शिरता येतं, अरुंद गल्लीतून धावत बाहेर पडता येत नाही. हलणं थांबलं की पाण्याच्या कडेपासून दूर व्हा, पण कड्याच्या पायथ्याशीही जाऊ नका, सुटलेले धोंडे नंतरच्या धक्क्यांनी खाली येतात.