कोडी फोडायला संघ बांधताय? या चुका टाळा

डिसेंबरात गॅदरिंगचे फलक लागले की कोणीतरी येतंच. ‘सर, कोडी स्पर्धेला टीम करायचीय.’ संघाचं नाव ठरलेलं असतं, टी-शर्टचं डिझाइन मोबाईलवर तयार असतं, माणसं तेवढी ठरायची असतात. नाव शेवटी ठेवा. बारसं मूल झाल्यावर करतात.

माझं खरं दुखणं म्हणजे चौघेही एकाच बाकावरचे. एकत्र चहा पितात म्हणून संघ. चौघांना तेच येतं आणि चौघांचं तेच अडतं.

काही वर्षांपूर्वी रत्नागिरीत अशाच एका चौकडीबरोबर मी स्पर्धेला गेलो होतो. सगळे कॉम्प्युटरवाले, हुशार. शेवटच्या फेरीत एक पेटी होती, तिला तीन आकड्यांचं कुलूप. सोबतच्या कागदावर तीन होड्या काढलेल्या. पहिलीखाली ‘चतुर्थी’, दुसरीखाली ‘अष्टमी’, तिसरीखाली ‘द्वादशी’. तळाला एक ओळ: ‘पाणी पुरतं चढलं की नाखवा निघेल.’ पोरांनी ४-८-२ लावलं. मग ४-८-१. मग बेरीज चोवीस म्हणून ०-२-४. मग अक्षरं मोजली, अक्षरं पुढे-मागे सरकवायचं सीझर सायफर झालं, ठिपके-रेघांचं मोर्स झालं, शून्य-एकचं बायनरी झालं. एक जण म्हणाला, हजारही आकडे ओळीने लावून बघू. एका आकड्याला पाच सेकंद धरले तरी सव्वा तासाच्या वर जातो, हातात होती चाळीस मिनिटं. द्वादशीचा बारा एका चकतीवर मावत नाही, म्हणजे हे आकडे जसेच्या तसे लावायचेच नाहीत, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

मागे बघ्यांमध्ये मिरकरवाडा बंदरावरची एक मुलगी बसली होती, कॉमर्सची. संघात घ्याल का म्हणून तिने याच पोरांना विचारलं होतं. ‘तुला कोडिंग येतं का?’ असं विचारून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं. वेळ संपल्यावर ती म्हणाली, ‘सर, ती भरतीची वेळ आहे. तिथीची पाऊणपट. बाबा घरी असंच काढतात.’ चाराची पाऊणपट तीन, आठाची सहा, बाराची नऊ. ३-६-९. कुलूप उघडलं, पण गुण गेले ते गेले. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास पूर्ण भरती, पुढे दर तिथीला साधारण पाऊण तास उशिरा, असं हे ढोबळ गणित. बंदरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या पोरांना ते ठाऊक नव्हतं!

तेव्हापासून मी कोणाला मार्क विचारत नाही. घरी काय करतात आणि रिकामा असलास की काय करतोस, एवढंच विचारतो. एक आकडेमोडवाला हवा, एक शब्दांचा किडा, एक कागद दुमडून-कापून बघणारा आणि एक गावातलं सगळं माहीत असलेला. एकदा नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवणारा मुलगा घेतला होता. मोर्सचे ठिपके-रेघा तो मांडीवर ठेका धरून वाचायचा. बाकीचे तक्ता शोधत बसायचे.

दुसरी चूक न लिहिण्याची. त्या दिवशी ४-८-२ हा आकडा तीनदा लावला गेला, तीन वेगवेगळ्या हातांनी. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच सुचलाय. व्हॉट्सॲप ग्रुप यावर उपाय नाही. तिथे उत्तरं वाहून जातात आणि मध्येच कोणीतरी स्टिकर टाकतो. मी एक दोनशे पानी वही देतो. डाव्या पानावर दिसलं ते, उजव्या पानावर करून फसलं ते. लिहिणारा एकच, आणि त्याने पहिली दहा मिनिटं कोडं सोडवायचंच नाही. हे काम कोणाला नको असतं, म्हणून पाळी लावतो. पेन्सिल वापरा, पावसाळ्यातली स्पर्धा असेल तर शाईचं काय होतं ते कोकणात सांगायला नको.

मराठी कोड्यात अक्षरं मोजण्याचा नियम आधी विचारून घ्या. शब्दकोड्याच्या चौकटीत ‘रत्नागिरी’ चार घरांत बसतं: र, त्ना, गि, री. रोमन लिपीत तीच नऊ अक्षरं होतात. हा घोळ दरवर्षी होतो आणि दरवर्षी आयोजकांशी भांडण होतं. विचारायला लाज कसली?

परदेशी व्हिडिओ बघून गर्दी जमवू नका. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९८१ पासून मिस्ट्री हंट ही कोड्यांची स्पर्धा चालते, जिंकेल त्या संघाने पुढच्या वर्षीची कोडी रचायची. तिथे काही संघांत शंभरावर माणसं असतात, कारण कोडीही ढिगाने असतात. आपल्याकडे तीन तासांत सहा-सात कोडी. पाच माणसं पुष्कळ झाली, सहावा फक्त वडे आणायला.

सरावात अडलं की लगेच मोबाईलला विचारणारे मला सहन होत नाहीत. उत्तर मिळतं, पण आपण नेमके कुठे अडलो होतो ते कळत नाही, आणि स्पर्धेत मोबाईल दारातच जमा करून घेतात. अर्धा तास डोकं खाजवा, नाहीच जमलं तर उठून विहिरीवर जाऊन या. बरीच कोडी मला दोर ओढताना सुटली आहेत.

उपाशीपोटी जाऊ नका. कॅप्टन आवाजी नको, ऐकणारा हवा.

आणि परतीची शेवटची एसटी आधी बघून ठेवा. अंतिम फेरी कधी वेळेवर संपत नाही. एकदा बरोबरी झाली, निकालासाठी जादा कोडं आलं आणि आमचे दोघे राजापूरची गाडी चुकेल म्हणून दप्तर उचलून पळाले. वही त्यांच्याच दप्तरात होती.