ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीला काय काय दिसतं, ते कसं तपासायचं आणि मग काय करायचं

मी बरीच वर्षं आयटी सपोर्टला काढली आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो, की अरे आमचा ॲडमिन आमचं व्हॉट्सॲप वाचतो का रे. तर खरं सांगायचं तर बहुतेक ठिकाणी कुणी बसून तुमचं काही वाचत नाही, तेवढा वेळच नसतो कुणाकडे, तिकिटं, म्हणजे लोकांच्या तक्रारी, मिटवता मिटवता जीव जातो. पण सगळं साठत असतं. आणि ते उघडलं जातं कधी, तर भांडण झाल्यावर: मॅनेजरशी बिनसलं, कुणी तक्रार केली, क्लायंटचा डेटा बाहेर गेला, किंवा तुम्ही राजीनामा टाकला. म्हणून "आत्ता कुणी बघतंय का" हे विचारण्यात अर्थ नाही, "सहा महिन्यांनी कुणी बघितलं तर काय सापडेल" हे विचारा.

पहिलं काम फुकटचं आणि कंटाळवाणं आहे, पॉलिसी वाचा. जॉइनिंगच्या दिवशी पोर्टलवर धडाधड ॲक्सेप्ट, ॲक्सेप्ट करत गेलात ना, त्यातच ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी नावाची पीडीएफ असते. सगळी वाचू नका, त्यात मॉनिटर, इन्स्पेक्ट, रेकॉर्ड, प्रायव्हसी एवढे शब्द शोधा. "कंपनीच्या सिस्टिमवर प्रायव्हसीची अपेक्षा ठेवू नये" अशा अर्थाचं वाक्य सापडलं की समजा दार उघडं आहे आणि त्याखाली सही तुमचीच आहे.

आता मशिन. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि यात चोरटं काही नाही, फक्त बघायचंय, काही बदलायचं नाही. क्रोममध्ये उजवीकडे वर तीन टिंबं आहेत त्यावर क्लिक करा, मेनूच्या तळाशी "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" लिहिलेलं दिसलं तर ब्राउझर कंपनीच्या ताब्यात आहे, त्यावर क्लिक केलं की कुठली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जास्तीची ॲप्स, त्यांनी टाकलीत आणि ती काय वाचू शकतात याची यादीसुद्धा येते. ही यादी नीट बघा, बरेच जण इथपर्यंत येतात आणि वाचत नाहीत.

यापेक्षा महत्त्वाची टेस्ट म्हणजे सर्टिफिकेट, साइटचं डिजिटल ओळखपत्र म्हणा. लोकांचा समज असा की ब्राउझरने पत्त्याशेजारी कुलूप किंवा "सिक्युअर" दाखवलं म्हणजे मधल्या कुणाला काही दिसत नाही, घरच्या मशिनवर ते बरोबर आहे, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर बऱ्याचदा कंपनी स्वतःचं रूट सर्टिफिकेट (ज्याच्या शिक्क्यावर ब्राउझर डोळे झाकून विश्वास ठेवतो ते) टाकून ठेवते, मग तुमचं ट्रॅफिक मध्ये त्यांच्या प्रॉक्सीवर, म्हणजे मधल्या सर्व्हरवर, उघडतं, तपासलं जातं, परत बंद होतं आणि पुढे जातं, आणि ब्राउझर मात्र खुशाल सगळं सिक्युअर असल्याचं दाखवत राहतो. तर जीमेल उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करा, कनेक्शन सिक्युअर, मग सर्टिफिकेट, आणि "इश्यूड बाय" बघा. तिथे गूगल ट्रस्ट सर्व्हिसेस असेल तर ठीक. तिथे झेडस्केलर, नेटस्कोप, फोर्सपॉइंट (अशी तपासणी विकणाऱ्या कंपन्या) किंवा चक्क तुमच्या कंपनीचंच नाव असेल तर जीमेलमध्ये टाइप केलेला मजकूर त्या प्रॉक्सीला वाचता येतो. फक्त बँकेच्या साइटवर ही टेस्ट करून निवांत होऊ नका, बँका आणि हॉस्पिटलच्या साइट बऱ्याच कंपन्या मुद्दाम या तपासणीतून वगळतात, त्यामुळे तिथे सगळं चांगलंच दिसेल.

तपासणी नसेल तर काय दिसतं? कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता, किती डेटा गेला-आला एवढं. म्हणजे नोकरीच्या साइटवर दुपारी ३ वाजता ४० मिनिटं होतात हे कळतं, कुठल्या जागेला अर्ज केला ते नाही. आणि इन्कॉग्निटोचं, म्हणजे ब्राउझरच्या प्रायव्हेट खिडकीचं काय, तर काही नाही, तो फक्त त्या मशिनवर हिस्ट्री ठेवत नाही, नेटवर्कला त्याने शष्प फरक पडत नाही.

व्हॉट्सॲप वेब. मेसेज दोन टोकांमध्ये एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कुणाला न वाचता येणारे, असतात हे खरं, पण लॅपटॉप हेच त्यातलं एक टोक आहे आणि ते कंपनीचं आहे. टेरामाइंड, ॲक्टिव्हट्रॅक, हबस्टाफ, टाइम डॉक्टर अशी सॉफ्टवेअर असतात, सेटिंगप्रमाणे ती ॲप किती वेळ उघडं होतं ते मोजतात, काही ठराविक वेळाने स्क्रीनशॉट घेतात, काही कीबोर्डवरचं टाइपिंगही नोंदवू शकतात. टास्क मॅनेजरमध्ये अशी नावं कधी दिसतात, कधी मुद्दाम लपवलेली असतात, त्यामुळे दिसलं नाही म्हणजे नाहीच असं धरू नका. क्राउडस्ट्राइकसारखं काही दिसलं तर घाबरू नका, ते मुख्यतः व्हायरस-हॅकिंगसाठी असतं.

हे असलं मोजमाप परदेशातून आलंय असंही नाही हां. २०२० साली लंडनमध्ये बार्कलेज बँकेने कर्मचारी कॉम्प्युटरवर किती वेळ कामात आहेत हे मोजणारी सिस्टिम लावली, बोंबाबोंब झाली आणि त्यांना ती गुंडाळावी लागली, ते सॉफ्टवेअर होतं सॅपियन्सचं, आणि सॅपियन्स मूळची आपल्या पुण्याची.

आता टीम्स आणि ऑफिसचा मेल. इथे माझं मत कडक आहे. टीम्सवरचं दोघांतलं चॅट खासगी नाही, त्याला प्रायव्हेट म्हणतात एवढंच. ज्याला परवानगी दिलीये तो ॲडमिन किंवा लीगलवाला ते शोधून काढू शकतो, आणि कंपनीने मेसेज राखून ठेवायची पॉलिसी लावली असेल तर तुम्ही डिलीट केलेलंही मागे शिल्लक राहतं. गूगलवाल्या कंपन्यांकडे यासाठी व्हॉल्ट आहे, मायक्रोसॉफ्टवाल्यांकडे पर्व्ह्यू. मॅनेजरला शिव्या घालायच्यात तर खाली चहाच्या टपरीवर जाऊन घाला, ते हजार पटीने सेफ आहे.

फोनचं गणित वेगळं. अँड्रॉइडवर ऑफिसचे ॲप्स छोट्या ब्रीफकेसच्या चिन्हासह वेगळे दिसत असतील तर ते वर्क प्रोफाइल आहे, आणि ही व्यवस्था खरंच चांगली आहे, तुमचे फोटो, मेसेज, कॉल, पर्सनल ब्राउझिंग कंपनीला दिसत नाही, पुसायची वेळ आली तर तेवढाच कप्पा पुसला जातो, आणि शुक्रवारी संध्याकाळी तो कप्पा बंदही करता येतो. पण ब्रीफकेस न येता थेट "डिव्हाइस ॲडमिन" परवानगी मागितली तर थांबा आणि आयटीला विचारा, कारण त्यात अख्खा फोन रिकामा करायचा अधिकार असू शकतो. आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथे जाऊन काय बसवलंय ते बघा. ऑफिसच्या वायफायसाठी फोनमध्ये सर्टिफिकेट टाका म्हणाले तर सरळ नको म्हणा, मोबाइल डेटा आहे की, एवढा स्वस्त.

मग करायचं काय? लपवाछपवीच्या नादी लागू नका, हे माझं एकच सांगणं. ऑफिस मशिनवर स्वतःचं व्हीपीएन टाकलंत, लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर (एजंट) बंद करायचा प्रयत्न केलात तर त्याचाच अलर्ट जातो आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याच्याकडे सगळे बघायला लागतात. ते माउस जिगलर, म्हणजे आपण कामात आहोत असं भासवायला माउस हलवत ठेवणारं यंत्र, पण नको. २०२४ मध्ये अमेरिकेत वेल्स फार्गोने कीबोर्ड चालू असल्याचं सोंग केलं म्हणून डझनभराहून जास्त लोकांना काढलं. त्यापेक्षा वेगळं ठेवा: पर्सनल सगळं पर्सनल फोनवर, स्वतःच्या डेटावर. ऑफिसच्या क्रोममध्ये पर्सनल जीमेलने सिंक (सगळ्या मशिनवर तोच डेटा आणणारी सोय) तर अजिबात चालू करू नका, लोक हे सर्रास करतात आणि मग घरच्या मोबाइलवरची हिस्ट्री आणि सेव्ह केलेले पासवर्ड आपल्या पायांनी ऑफिसच्या लॅपटॉपवर चालत येतात. करूनच बसला असाल तर सिंक बंद करा, त्या मशिनवरून ते प्रोफाइल काढा, आणि बँकेचे पासवर्ड बदलून टाका.

कायद्याचं विचाराल तर फार भरवशावर राहू नका. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला, पण तो प्रामुख्याने सरकारविरुद्धचा हक्क, खासगी कंपनीसमोर त्याचा थेट उपयोग मर्यादित. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कामासाठी, तसंच कंपनीला नुकसानीपासून वाचवण्यासाठी तुमच्या संमतीशिवाय डेटा वापरायची मुभा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत दिली आहे. परदेशात काही ठिकाणी स्थिती बरी आहे. न्यूयॉर्कमध्ये मे २०२२ पासून नोकरीवर घेतानाच मॉनिटरिंगची लेखी नोटीस द्यावी लागते, जर्मनीत कामगारांची कौन्सिल असेल तर तिला विचारल्याशिवाय असली सिस्टिम लावता येत नाही. आणि युरोपच्या मानवाधिकार कोर्टाने २०१७ मध्ये रोमानियाच्या बर्बुलेस्कू प्रकरणात सांगितलं की किती आणि कसं बघणार हे कर्मचाऱ्याला आधी सांगायला हवं होतं, त्या माणसाची नोकरी याहू मेसेंजरवरच्या खासगी गप्पांवरून गेली होती.

शेवटी राजीनाम्याचं, कारण गडबड सगळ्यात जास्त तिथेच होते. पेपर टाकायच्या आदल्या रात्री फाइल्स स्वतःच्या जीमेलला पाठवणं, पेनड्राइव्हवर घेणं हे करू नका, स्वतः बनवलेलं टेम्प्लेट असलं तरी नाही, डेटा बाहेर जाण्यावर लक्ष ठेवणारी सिस्टिम हेच शोधत असते. काही हवं असेल तर मॅनेजरला मेलवर विचारा. सॅलरी स्लिपा दर महिन्याला पोर्टलवरून उतरवून ठेवायची सवय लावा. पीएफ, बँक, लिंक्डइन, विमा यातलं काही ऑफिसच्या मेलवर असेल तर आजच बदला, राजीनाम्याची वाट बघू नका. एचआरला पर्सनल मेल आयडी लेखी द्या, कारण शेवटच्या वर्षाचा फॉर्म १६ पुढच्या जूनमध्ये येतो आणि तोवर ऑफिसचा मेल कधीच बंद झालेला असतो. लॅपटॉप परत देताना पर्सनल अकाउंटमधून साइन आउट करा, ब्राउझरचं पर्सनल प्रोफाइल काढा आणि तेवढंच, अख्खा फॉरमॅट मारून देऊ नका, आधीच काही वाद चालू असेल तर पुरावे पुसले म्हणून तेच अंगाशी येतं.