आर्गन पेटत नाही म्हणून बिनधास्त? या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरीच्या वर्कशॉपमध्ये भडकणाऱ्या ॲसिटिलीनच्या सिलिंडरचा जो धाक असतो, तो आर्गनच्या सिलिंडरचा नसतो. वेल्डिंग करताना वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून त्यावर आर्गन सोडतात. आर्गन पेटत नाही, त्याला वास नाही, आणि हवेत तो ०.९३ टक्के असतोच. मग काय भ्यायचं? सगळी गडबड या प्रश्नात आहे.

आधी मे महिन्यातली नेहमीची तक्रार. स्टीलच्या वेल्डला बारीक छिद्रं पडली की ‘गॅस भेसळीचा आला’ म्हणून पुरवठादाराशी भांडण होतं. त्याआधी कूलरकडे बघा. पारा ४५ वर गेल्यावर कूलर लावणारच, पण त्याचा झोत कामावर आला की आर्गनचं कवच उडून जातं आणि वितळलेल्या धातूला हवा लागते. कूलरचं तोंड फिरवा, नाहीतर पत्र्याचा आडोसा करा. गॅसचा फ्लो वाढवून उपयोग नाही. टॉर्चच्या तोंडाच्या साध्या नोझलला मिनिटाला ८ ते १२ लिटर पुरतो. फार वाढवला तर नोझलपाशी भोवरे होऊन हवाच आत ओढली जाते, वर पैसे जातात ते वेगळे. टॉर्चमधली टंगस्टनची कांडी काळी पडत असेल तर आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) बंद झाल्यावर टॉर्च लगेच उचलू नका, गॅस काही सेकंद वाहू द्या.

सकाळी २५ अंशांना १४० बार दाब दाखवणारा सिलिंडरचा गेज दुपारी सिलिंडर ४५ अंशांपर्यंत तापला की १४९ च्या आसपास दाखवतो. गॅस तेवढाच असतो. सिलिंडर सावलीत, उभा आणि साखळीने बांधून ठेवा.

आता जिवाशी गाठ असलेली चूक. टाकी किंवा मोठ्या पाइपला आतून आर्गन भरून वेल्डिंग झालं, आणि कुणीतरी सांधा बघायला आत वाकलं. आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड, त्यामुळे तो तळाशी बसून राहतो. गुदमरल्याची जाणीव शरीराला कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते, ऑक्सिजन कमी झाल्याने नाही. म्हणून खोकला नाही, घुसमट नाही, एक-दोन श्वासांत माणूस आडवा. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथेच पडतो. आत जाण्यापूर्वी ब्लोअरने ताजी हवा खेळवा आणि मीटरने तळाशीही ऑक्सिजन मोजा. १९.५ टक्क्यांखाली असेल तर पाय ठेवायचा नाही. ‘ऑक्सिजन सोडू थोडा’ ही शक्कल तर त्याहून वाईट, कारण मग एका ठिणगीत कपडे पेटतात. रात्री सिलिंडरचा व्हॉल्व्हच बंद करा, नुसता रेग्युलेटर नाही, आणि जोड साबणाच्या पाण्याने तपासा.

गॅस सिलिंडर नियम, २०१६ राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तरी सिलिंडर आडवा टाकून नेणारे ऑटो दिसतातच!

हेलियमची गोष्टही तीच. आवाज चिरका करायला फुग्यातला हेलियम ओढतात, तेव्हा फुप्फुसात ऑक्सिजनला जागा उरत नाही. थेट सिलिंडरला तोंड लावलं तर दाबाने फुप्फुस फाटू शकतं. शिवाय तरंगणारा प्रत्येक फुगा हेलियमचा नसतो. स्वस्तात मिळतो म्हणून काही जण हायड्रोजन भरतात, आणि तो भडकतो. विक्रेत्याचं उत्तर गोलमोल आलं तर असे फुगे केकच्या मेणबत्त्यांजवळ बांधू नका, आणि काडी लावून तर मुळीच तपासू नका.