लॅटिनमध्ये शिवी कशी द्यावी

लॅटिन म्हटलं की चर्च, कायदा आणि सोवळं आठवतं. पण इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहराच्या भिंती वाचा. एका पाहुण्याने तिथे चक्क वृत्तात लिहून ठेवलंय: आम्ही अंथरुणात मुतलो, चुकलो, कबूल, पण कारण विचारशील तर खोलीत भांडंच नव्हतं! त्यामुळे चावट लॅटिन घडवत बसायची फारशी गरज पडत नाही, ते बरंचसं तयारच आहे.

पहिली पायरी: शब्द सोडा, प्रसंग धरा. ‘डोकं खाऊ नकोस’ शब्दशः केलंत तर नरभक्षकाची कबुली होईल. वैतागलेला रोमन एवढंच म्हणायचा: ‘एनिकास’, म्हणजे ‘जीव घेतोस’. ‘खड्ड्यात जा’साठी ‘ई इन मलाम क्रुकेम’, म्हणजे ‘सुळावर जा’. प्लाउटुस या रोमन विनोदी नाटककाराच्या नाटकांतले गुलाम आणि मालक अशा वाक्यांवरच जगतात, तेव्हा आधी तिथे शोधा. त्याहून घाण हवं असेल तर कातुल्लुस आणि मार्तियालिस हे रोमन कवी. कातुल्लुसच्या सोळाव्या कवितेची पहिली ओळ अनुवादक कित्येक वर्षं गाळत आले, यावरून काय ते समजा.

मग शब्दाचा वास बघा. शब्दकोशात विष्ठेसाठी ‘स्तेर्कुस’ आणि ‘मेर्दा’ शेजारी दिसतील, पण पहिलं शेतातलं खत. शेतीवर लिहिताना कातो हा रोमन लेखक तो शब्द बिनदिक्कत वापरतो. शिवीला मेर्दाच हवं.

व्याकरण इथे सुटत नाही. गाढव म्हणजे ‘असिनुस’, पण तोंडावर म्हणायचं तर ‘असिने’, आपल्या ‘गाढवा’सारखंच. बाई असेल तर ‘असिना’, टोळकं असेल तर ‘असिनी’. ‘जा’ म्हणताना एकाला ‘ई’, अनेकांना ‘ईते’.

शब्दखेळ मात्र सोडून द्या. ‘सेम्पेर उबी सुब उबी’वर इंग्रजी जाणणारे हसतात, कारण शब्दशः इंग्रजी केलं की ते ‘ऑलवेज वेअर अंडरवेअर’ (नेहमी चड्डी घाला) असं ऐकू येतं; रोमन माणसाला ते ‘नेहमी कुठे खाली कुठे’ एवढंच ऐकू येईल.

गोंदवून घेण्याआधी स्वरांची लांबी तपासा. ‘आनुस’ म्हणजे गुदद्वार, ‘अनुस’ म्हणजे म्हातारी. देवनागरीत फरक दिसतो, रोमन लिपीत खुणा नसतील तर दोन्ही सारखेच. त्यापेक्षा सरळ ‘कूलुस’, म्हणजे ढुंगण, लिहा. त्यात म्हातारी यायची भीती नाही.