वॅट आणि पेस : जीपीएस घड्याळाची स्पर्धेआधीची तयारी

घड्याळ एकच असलं तरी त्यावर दिसणारे दोन आकडे दोन वेगळ्या वाटांनी येतात. सायकलचे वॅट, म्हणजे पायांनी दिलेली शक्ती, मोजतो पेडलमधला किंवा क्रँकवरचा (पेडलच्या दांड्यावरचा) पॉवर मीटर. घड्याळ ते फक्त ऐकतं आणि नोंदवून ठेवतं. पळण्याचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, मात्र घड्याळ स्वतः उपग्रहांच्या भरवशावर काढतं. त्यामुळे तयारीही दोन्हीकडे करावी लागते. घड्याळ रात्रभर चार्जिंगला लावलेलं आणि मीटरमधला सेल मात्र शेवटच्या घटका मोजतोय, हे काही दुर्मिळ दृश्य नाही.

म्हणून सेलपासूनच सुरुवात करावी. अनेक मीटरांत सीआर२०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल असतो. एक जादा जवळ ठेवला की काळजी मिटली. मग मीटर आणि घड्याळाची बिनतारी जोडणी. ती घरीच, निवांतपणे करून मीटरचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण स्पर्धेच्या गर्दीत यादीत शेजाऱ्यांचे मीटरही दिसतात. ही जोडणी अँट प्लस किंवा ब्लूटूथ या बिनतारी पद्धतींनी होते. अँट प्लसवर एक मीटर एकाच वेळी कितीही उपकरणांना ऐकू जातो, ब्लूटूथवर जोडण्या मोजक्याच असतात, कधी तर एकच. घड्याळाला मीटर सापडत नसेल तर आधी फोनवरचं ॲप बंद करून पाहावं. बहुतेक वेळा जागा त्यानेच अडवलेली असते.

पेडलवर मीटर असेल तर क्रँकची लांबी नीट भरलेली हवी. ती सहसा क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते: १७०, १७२.५ किंवा १७५ मिलिमीटर. १७२.५ च्या क्रँकला १७० भरलं तर वॅट साधारण दीड टक्क्याने कमी दिसतात, म्हणजे २०० मागे ३. फरक छोटाच, पण तो रोज चुपचाप चालू राहतो.

आता झीरो ऑफसेट, म्हणजे जोर नसताना मीटरचं शून्य ठरवून घेणं, ज्याचा सगळ्यांना कंटाळा येतो. मीटर धातूला पडणारा अगदी सूक्ष्म ताण मोजतो आणि तापमान बदललं की हा धातूही बदलतो. म्हणून सायकल बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं हवेला सरावू द्यावी, बूट पेडलमधून सोडवावेत, सायकल सरळ उभी धरावी, क्रँक कंपनीने सांगितलेल्या स्थितीत आणावा आणि मगच घड्याळातून कॅलिब्रेट करावं. आलेला आकडा लक्षात ठेवावा. तो रोज थोडा इकडेतिकडे होणारच. एकदम मोठी उडी दिसली तर पेडल किंवा क्रँकचा बोल्ट नीट आवळलेला आहे का ते पाहावं.

एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येतील एवढे वॅट, आपल्या हाताने भरलेला बरा. २० मिनिटांच्या जोरदार चाचणीतल्या सरासरी वॅटचे ९५ टक्के, हा रूढ हिशोब. घड्याळ आपणहून काढतं तो अंदाज स्पर्धेच्या तोंडावर स्वीकारू नये, असं माझं मत. स्क्रीनवर क्षणाक्षणाचे वॅट ठेवले तर आकडा नुसता नाचत राहतो. ३ सेकंदांची सरासरी, लॅपची (चालू टप्प्याची) सरासरी आणि केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे), एवढं पुरे. पेडल थांबलेलं असतानाचं शून्य वॅटच्या सरासरीत धरलेलं असावं, केडन्सच्या सरासरीत नसावं. घड्याळ हँडलवर लावणार असाल तर मनगटावरून हृदयाचे ठोके मिळणार नाहीत, तेव्हा छातीचा पट्टा लागेल. तसाही सायकलवर तोच जास्त भरवशाचा.

पळण्याकडे वळू. ५:०० च्या पेसने माणूस सेकंदाला ३.३ मीटर जातो, आणि उपग्रहांवरून काढलेल्या जागेत काही मीटरांची चूक सहज असते. ती झाकायला घड्याळ पेस गुळगुळीत करून दाखवतं, म्हणून तो उशिरा पोहोचतो. तेव्हा स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत लॅप पेसच ठेवावा. उंच इमारतींच्या मधून पळायचं असेल तर उपग्रहांच्या एल१ आणि एल५ या दोन्ही लहरी ऐकणारा मोड लावावा. भिंतींवर आपटून येणाऱ्या सिग्नलने होणारा घोळ त्याने कमी होतो. बॅटरी मात्र जास्त खर्ची पडते. आदल्या संध्याकाळी घड्याळ फोनशी सिंक केलं की उपग्रहांच्या जागांचा अंदाज त्यात उतरतो आणि सकाळी सिग्नल पटकन पकडला जातो. तोही मोकळ्या आकाशाखाली उभं राहून, सुरुवातीच्या कमानीखाली नव्हे.

मॅरेथॉनचा मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, वर किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. आपण वळणं काही तशी कापत नाही, त्यामुळे घड्याळ ४२.१९५ पेक्षा जास्तच दाखवतं. ४ तासांसाठी कागदावर ५:४१ चा पेस लागतो, घड्याळात ४२.६ भरणार असतील तर तिथे ५:३८ दिसायला हवा. यावर सोपा उपाय म्हणजे ऑटो लॅप (ठराविक अंतराला आपोआप पडणारा लॅप) बंद करून प्रत्येक किलोमीटरच्या फलकापाशी बटण दाबायचं आणि पेसऐवजी लॅपची वेळ वाचायची. ऑटो पॉजही (आपण थांबलो की घड्याळाने आपोआप थांबणं) बंद, टचस्क्रीनला कुलूप. आणि आदल्या रात्री सॉफ्टवेअर अपडेट अजिबात नको.

सायकल आणि पळणं एकाच स्पर्धेत असेल तर एक पेच आहे. बऱ्याच घड्याळांच्या मल्टीस्पोर्ट (एकापाठोपाठ अनेक खेळ नोंदवणाऱ्या) मोडमध्ये लॅपचं बटण दाबलं की खेळच बदलतो. फलकापाशी सवयीने बोट गेलं तर पळणं तिथेच संपवून घड्याळ पुढे सरकतं. अशा दिवशी ऑटो लॅप चालू ठेवावा आणि ते बटण सायकल रॅकला लावताना आणि तिथून पळत निघतानाच दाबावं.