कांद्याची पात मान टाकतेय? पंप भरण्याआधी या चुका टाळा

पात पिवळी पडून लोळायला लागली की पहिली धाव कृषी सेवा केंद्राकडे. तिथून बुरशीनाशक, कीटकनाशक, टॉनिक आणि एखादं विद्राव्य खत येतं आणि सगळं एकाच पंपात जातं. पात सुकण्याचं कारण मात्र बऱ्याचदा मातीखाली चार बोटांवर असतं, तिथे हे औषध पोचतच नाही.

मुळं न बघता निदान करणं

आधी वेळ बघा. दुपारी पात मलूल आणि सकाळी सातला पुन्हा ताठ, तर रोपाला पाण्याचा ताण आहे किंवा मुळं कमी पडताहेत. सकाळीही मान खाली असेल तर बहुधा मुळांना इजा झाली आहे. मग पाच आजारी आणि त्यांच्या शेजारची पाच चांगली दिसणारी रोपं खुरप्याने मातीसकट काढा, बादलीत हलकेच धुवा आणि शेजारी शेजारी ठेवा. ओढून काढू नका. सडलेली मुळं जमिनीतच राहतात आणि नेमका पुरावा हातातून जातो.

मुळं तपकिरी-काळी, आंबूस वास: पाणी साचलंय. मुळं गुलाबी-तपकिरी, कांद्याची तबकडी (बुडाचा, मुळं फुटतात तो भाग) आतून तपकिरी आणि पात शेंड्याकडून खाली वाळत आलेली: फ्युजेरियम बुरशीची मूळकूज. बुडाशी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे दाणे: बुरशीची सड. मुळं कुरतडलेली: हुमणी (मुळं खाणारी अळी), आणि ती बहुधा न कुजलेल्या शेणखतातून आलेली. मुळं पांढरीशुभ्र आणि भरपूर असतील, तरच वर पातीकडे वळायचं.

मान टाकली म्हणून पाणी देणं

सगळ्यात जास्त रोपं या चुकीने जातात. कांद्याची बहुतेक मुळं वरच्या १५-२० सेंटीमीटरमध्येच असतात. भारी जमिनीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती पाणी ओढेनाशी होतात आणि ओल्या जमिनीतही रोप तहानलेलं दिसतं. त्यावर आणखी पाणी दिलं की मूळकुजीला मोकळं रान मिळतं. मूठभर माती दाबून बघा. गोळा होऊन बोटांना चिकटत असेल तर पाणी तोडा, चर काढा, वाफसा आल्यावर (माती ओलसर पण भुसभुशीत झाल्यावर) हलकी खुरपणी करा. खरिपात सपाट वाफ्याचा हट्ट सोडावा. १२० सेंटीमीटर रुंद, १५ सेंटीमीटर उंच गादीवाफा आणि मध्ये ४५ सेंटीमीटरची सरी केली की हा त्रास बराच कमी होतो.

मुळं चांगली, जमीन वाफशावर आणि तरी शेंडे जळताहेत, तर बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्या. कांदा क्षार फारसा सहन करत नाही. मातीची क्षारता १.२ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागतं.

मूळकुजीवर पातीवरून फवारणं

इथे आळवणीच करायची, म्हणजे औषधाचं पाणी बुडाशी ओतायचं. रोगट रोपं मातीसकट काढून शेताबाहेर नष्ट करा, बांधावर टाकू नका. त्या ठिकाणी आणि भोवतालच्या रोपांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम किंवा कार्बेन्डाझिम १ ग्रॅम प्रमाणे द्या. तबकडी सडलेलं रोप यानेही परत येत नाही. आळवणी शेजारच्यांसाठी असते. आणि त्याच आठवड्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) सोडणं म्हणजे पैसे पाण्यात. कार्बेन्डाझिम तिलाही मारतं. दोन्हींत किमान १५ दिवस ठेवा, नाहीतर ट्रायकोडर्मा लागवडीआधीच शेणखतात मुरवून द्या. ज्या तुकड्यात मूळकूज आली, तिथे पुढची ३-४ वर्षं कांदा-लसूण नको. ज्वारी, बाजरी, मका घ्या.

फुलकिडे आणि करपा यांत गोंधळ

पातीच्या बेचक्यात भिंग लावून बघा. बारीक पिवळसर किडे आणि पातीवर चंदेरी ओरखडे म्हणजे फुलकिडे. लांबट, मध्ये जांभळट आणि भोवती पिवळी कडा असलेले चट्टे म्हणजे जांभळा करपा. तिथे पात मोडून लोंबते. किड्याने केलेल्या जखमेतून करपा सहज शिरतो, म्हणून दोन्ही सोबत दिसतात. फुलकिड्यांना फिप्रोनिल ५ टक्के लिटरला १ मिली, करप्याला मॅन्कोझेब २.५ ग्रॅम, पुढच्या वेळी औषधाचा गट बदला. डब्याच्या लेबलवर कांदा लिहिलेला असेल तरच घ्या. कांद्याची पात मेणचट असल्याने स्टिकर (औषध पातीला चिकटवणारं द्रव्य) नसेल तर थेंब घरंगळून जातात, हे मात्र घाईत हमखास विसरलं जातं.

ऊस-मक्यात २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून कांद्यात वापरला, तरी पात वेडीवाकडी होऊन लोळते. मग तो खरिपातला पीळ रोग समजून बुरशीनाशकं मारली जातात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा.

नुकती लावलेली रोपं

पुनर्लागवडीनंतर चार-पाच दिवस रोपं मान टाकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. शेंड्याचा एक तृतीयांश भाग छाटून, उन्हं कलल्यावर लावावीत आणि तिसऱ्या दिवशी आंबवणी (लागवडीनंतरचं हलकं पाणी) द्यावी. या काळात युरिया टाकू नका. नवी मुळं फुटलेलीच नसतात.

तयार कांद्याच्या मानाही पडतात, पण तो रोग नव्हे. हात लावला की मान मऊ लागते आणि कांदा घट्ट असतो. अशा वेळी औषधही नको, पाणीही नको. काढणीच्या १०-१५ दिवस आधीच पाणी तोडलेलं असावं आणि निम्म्या माना पडल्या की काढणी सुरू करावी.